सिस्टरबाई काऊन येते?

वच्छलाबाईंचा पटकन कोणावर विश्वास बसत नसे, आणि त्यात त्यांना काही कमीपणाही वाटत नसे. पवनारच्या बसथांब्यावरून गावात वळलं की डाव्या हाताला त्यांचं किराणा दुकान. तिथल्या पोत्यांमध्ये बसून त्यांनी उभा जन्म माणसं पाहिली होती. गोड बोलणारं गिऱ्हाईक काहीतरी मागायच्या बेतात असतं, आणि न मागता देऊ करणारं माणूस तर त्याहून घातकी, हे त्यांचं ठाम मत. म्हणूनच पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी प्रमिलाबाई तेलाची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा वच्छलाबाई उंबरठ्यावरून तसूभर हलल्या नाहीत.

"भैय्याजीचा हात आखडून चालला म्हणते रक्षा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी येऊन व्यायाम देईन म्हणते मी. जन्मभर हेच तर केलं. काई द्यायचं-घ्यायचं नाई."

भैय्याजी म्हणजे वच्छलाबाईंचे यजमान. श्रावणात दुकानात साखरेचा पुडा बांधता बांधता ते कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात जीव वाचला. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, हातापायाला रोज व्यायाम द्या, कूस बदलत जा. मुलगा भूपेंद्र वर्ध्याला हार्डवेअरच्या दुकानात जाई, सून रक्षा किराणा सांभाळी. उरल्या वच्छलाबाई, आणि त्यांचे गुडघे धड नव्हते.

प्रमिलाबाई ख्रिस्ती. दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, लेक सासरी गेल्यावर शाळेमागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या. गावात त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. दुसरी कोणी असती तर वच्छलाबाईंनी एवढा विचार केला नसता. पण ही बाई? ही काऊन येते?

कारण या दोन घरांत जे झालं होतं ते अख्ख्या गावाला माहीत होतं. प्रमिलाबाईंचा नवरा शांतवन विहिरींवरचे पंप दुरुस्त करी. पवनारात असं शेत नव्हतं जिथल्या विहिरीत तो उतरला नव्हता. धाम नदीच्या बाजूला त्याने जमिनीचा एक तुकडा घेतला होता, तिथे दोन लिंबाची झाडं लावली होती, आणि आपल्याला इथेच माती द्यावी असं तो हसत हसत सगळ्यांना सांगे. काही वर्षांमागे ऐन मे महिन्यात तो गेला. खड्डा खणायला माणसं निघाली तर भैय्याजी रस्त्यात आडवे उभे राहिले. "नदीच्या काठी मुडदा गाडू देणार नाई. आमी पाणी पितो तिथलं." त्यांच्या मागे गाव उभं राहिलं. ज्यांचे पंप शांतवनने बाहेर काढले होते ते खाली मान घालून उभे राहिले, पण उभे राहिले भैय्याजींच्याच मागे. शेवटी बर्फाच्या लाद्यांवर ठेवून त्याला टेम्पोने वर्ध्याच्या ख्रिस्ती कब्रस्तानात नेलं. वच्छलाबाईंनी दुकानातून पाहिलं होतं: टेम्पोतून पाणी गळत होतं, आणि मागे बसलेल्या प्रमिलाबाईंनी मेलेल्या माणसावर छत्री धरली होती. भैय्याजी दुकानात आले, गार पाणी प्याले आणि म्हणाले, "झालं एकदाचं."

आणि आज तीच बाई त्याच माणसाच्या हाताला तेल लावायला येते.

"येऊ द्या ना आई," आतून रक्षा म्हणाली. "डॉक्टरनंच सांगतलं व्यायाम द्या म्हणून. तुमच्यानं होते का, माह्यानं होते का?"

वच्छलाबाई बाजूला झाल्या, पण एक अट घालून. "तेल आमच्या घरचं घ्या."

"बरं," म्हणून प्रमिलाबाईंनी आपली वाटी कोनाड्यात ठेवली आणि जाताना तिथेच विसरल्या. विसरल्या की मुद्दाम ठेवली? वच्छलाबाईंनी वाटीचा वास घेतला. तिळाचं तेल, लसूण घालून कढवलेलं. त्यांनी ते आपल्याच गुडघ्याला चोळलं आणि आता खाज सुटते की आग होते याची वाट पाहत संध्याकाळपर्यंत बसल्या. काही झालं नाही. उलट उठताना गुडघा जरा मोकळा वाटला. त्यामुळे तर त्या आणखीच अस्वस्थ झाल्या.

दुसऱ्या दिवशी रक्षाने चहा पुढे केला तो प्रमिलाबाईंनी घेतला नाही. आपल्या घरचा घोट घेत नाही म्हणजे पोटात काहीतरी आहे, असं वच्छलाबाईंनी मनाशी धरलं. पुढच्या आठवड्यात प्रमिलाबाई स्वतःच म्हणाल्या, "रक्षा, आज घोटभर चहा दे वं बाई." तेव्हा वच्छलाबाईंना वाटलं, आता ही घरात पाय पसरून राह्यली.

काम मात्र चोख होतं, ते नाकारायची सोय नव्हती. आधी कूस बदलायची, पाठ पुसायची, कुठे लाल झालं का ते बघायचं. मग मिटलेल्या मुठीचं एकेक बोट उघडायचं, खांद्यापासून हात वर, खाली, बाहेर. शेवटी तळहातात कापडाची गुंडाळी द्यायची, म्हणजे नखं रुतत नाहीत. हे सगळं होत असताना भैय्याजी तोंड भिंतीकडे वळवून पडत. डाव्या हाताने चादर घट्ट धरत. वच्छलाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. हे भिऊन राह्यले, त्या मनात म्हणत. वाचा गेली म्हणून आपल्याले सांगता येत नाई, पण यायले काहीतरी माईत हाय.

शेजारच्या कमलाने आगीत तेल ओतलं. "या लोकायचं असंच असते वच्छलाबाई. पहिले सेवा, मंग प्रार्थना, मंग नाव बदलते. माह्या भाच्याच्या गावात झालं ना असं. तुमी आपलं ध्यान ठेवा."

"मी ध्यान ठेवूनच हाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

आणि खरंच, एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. व्यायाम देताना सिस्टरबाईंचे ओठ हलत. खोलीत कोणी गेलं की ते थांबत, आणि पाठ वळली की पुन्हा सुरू होत. भैय्याजींच्या कानाजवळ तोंड, आवाज बारीक, डोळे अर्धे मिटलेले. हे काय चाललंय?

भैय्याजींच्या खोलीला लागून माल ठेवायची खोली होती. मधल्या दाराला फट होती. सकाळी प्रमिलाबाई यायची वेळ झाली की वच्छलाबाई तूरडाळीच्या पोत्यामागे जाऊन उभ्या राहू लागल्या. पहिल्या दिवशी नुसती कुजबुज ऐकू आली. पुढे कान सरावला. आणि जे ऐकू आलं ते मंत्रासारखं मुळीच नव्हतं.

"देवबापा, आज मन नाई होत," प्रमिलाबाई बोलत होत्या. "याचा हात हातात घेतला का शांतवनचं तोंड समोर येते. ते पाणी गळताना दिसते. तूच म्हणतं ना का वैऱ्यावर प्रेम करा. सांगाले काय जाते तुह्यं? इथं बोटं मले उघडा लागते. दे मंग ताकद. आजच्या पुरती दे."

एवढं बोलून त्यांनी भैय्याजींचा हात हलकेच वर उचलला.

वच्छलाबाई पोत्याला टेकून तशाच उभ्या राहिल्या. वैरी! म्हणजे वैरी म्हणूनच येते ही. त्यानंतर त्या रोज ऐकू लागल्या. कधी प्रमिलाबाई देवाशी भांडत, कधी नुसत्या गप्प राहत, कधी शांतवनला सांगत की तुळशीराम पाटलाच्या विहिरीवरचा पंप पुन्हा बिघडला आहे आणि आता धड मिस्त्री मिळत नाही. भैय्याजींना उद्देशून एक शब्द नव्हता, ना तुमचा देव सोडा, ना आमचा धरा. मग ही काऊन येते? कोड्याचं उत्तर मिळायच्या ऐवजी कोडंच वाढलं.

शेवटी नवरात्राच्या सुमारास एकदा वच्छलाबाईंनी त्यांना अंगणात गाठलं. प्रमिलाबाई हात धूत होत्या.

"सिस्टरबाई, एक विचारू? यायनं तुमचं एवढं वाईट केलं. तरी तुमी काऊन येता?"

प्रमिलाबाईंनी पदराला हात पुसले.

"खरं सांगू का? भैय्याजी पडले हे मले बसमधी समजलं. आणि मले आनंद झाला. लय आनंद झाला. घरी आली, भाजी फोडणीले टाकली, अन् माह्याच ध्यानात आलं का मी गाणं म्हणून राह्यली. नवरा गेल्यापासून मी गाणं म्हटलं नव्हतं वच्छलाबाई. मंग मले माहीच भीती वाटली. रविवारी आमच्या देवळात, चर्चमधी उभी राहून मी म्हणते, आमी जशी दुसऱ्याले माफी देतो तशी तू आमाले दे. अन् घरी येऊन दुसऱ्याच्या दुखण्यावर गाणं म्हणते. म्हटलं, असं बसून नाई जमायचं. हातानं काई केलं तर मन मागून येईल."

"आलं का मंग?"

"कुठं आलं अजून," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

हे ऐकून दुसऱ्या कोणाचा विश्वास बसला असता. वच्छलाबाईंचा उलट उडाला. आपला नवरा पडला म्हणून जिला गाणं सुचलं, तिच्या हातात आपण रोज त्याचा हात देतो! त्याच दुपारी कमला आली तेव्हा पोटातलं ओठावर आलंच. सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हणाल्या, "ते सिस्टरबाई यायच्या कानात रोज काहीतरी पुटपुटते."

कमलाला तेवढं पुरलं. तिच्याकडून ते भैय्याजींच्या पुतण्याकडे, धनंजयकडे गेलं. धनंजयकडून भूपेंद्रकडे जाईपर्यंत पुटपुटण्याचा मंत्र झाला होता, घरच्या तेलाचं पवित्र पाणी झालं होतं, आणि भैय्याजींना बाटवायचा दिवससुद्धा ठरला होता.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी भूपेंद्र वर्ध्याला गेलाच नाही. धनंजय आला, त्याच्यासोबत गावातली चार माणसं आली. प्रमिलाबाई नेहमीप्रमाणे आल्या तर सगळे अंगणात वाट अडवून उभे होते. वच्छलाबाई ओसरीवर आल्या आणि पाहतात तर त्या माणसांत एक-दोघे तेच, जे त्या मे महिन्यात रस्त्यावर उभे होते.

"सिस्टरबाई," धनंजय म्हणाला, "काकाच्या कानात काय सांगता तुमी?"

"काकाच्या कानात मी काईच नाई सांगत."

"मंग ओठ काऊन हालते? कमलाकाकूनं ऐकलं, सगळ्या गावानं ऐकलं. बिमार माणसाले बाटवता? बोलता येत नाई त्याले म्हणून?"

"मी प्रार्थना करते. माह्यासाठी."

"तुमच्यासाठी प्रार्थना करायले आमच्या काकाचंच घर भेटलं का?"

कोणीतरी हसलं. भूपेंद्र चुळबुळत म्हणाला, "सिस्टर, उद्यापासून येऊ नका तुमी. आमी वर्ध्याहून माणूस लावतो. अन् आज इथं सगळ्यायच्या समोर कबूल करा, का तुमी..."

प्रमिलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मागे वळल्या असत्या तर तिथेच सगळं संपलं असतं. वच्छलाबाईंनाही ते क्षणभर बरं वाटलं. कटकट गेली असती. पण मग त्यांच्या लक्षात आलं की या अंगणात खरं काय ते एकाच माणसाला माहीत आहे, आणि ते माणूस आपण आहोत. कमलाने काही ऐकलं नव्हतं. धनंजय तर सहा महिन्यांत घरात फिरकला नव्हता.

"कमलानं नाई ऐकलं," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मी त्या दाराच्या मागं उभी राहून ऐकलं. रोज. पोळ्यापासून." एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबवेना. "मले बी तुमच्यासारखंच वाटलं होतं, म्हणून तर उभी राह्यली. तेलाचा वास घेतला, माह्या अंगाले लावून पाह्यलं. चहा घेतला तरी वाईट धरलं, नाई घेतला तरी वाईट धरलं. एवढी पाळत मी कोणावर नाई ठेवली. तिनं यायले एका शब्दानं काई सांगतलं नाई. ते आपल्या देवाशी भांडते. म्हणते, मले या माणसाचा राग येते, तो काढून घे."

"आई, तू आत जा," भूपेंद्र म्हणाला.

"काऊन जाऊ? रस्त्यावर मुडदा अडवला तवा बी मी आतच होती. दुकानात बसून पाह्यत होती." त्यांनी त्या एक-दोघांकडे पाहिलं. "तुमी बी होते ना तिथं? तुमच्या विहिरीचा पंप कोण काढे रे?"

तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. रक्षा धावली, तिच्या मागून सगळे. भैय्याजी खाटेवर अर्धवट उठून बसले होते, आधाराच्या उशा खाली पडल्या होत्या. आवाज ऐकून त्यांना बाहेर यायचं होतं की काय कोण जाणे. दारात प्रमिलाबाई दिसल्या तशी त्यांनी या खेपेला मान फिरवली नाही. डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला, ओढत ओढत छातीपर्यंत आणला आणि दोन्ही तळवे एकमेकांवर टेकवायची धडपड करू लागले. उजवा हात सारखा घसरत होता. पुन्हा धरत, पुन्हा उचलत. तोंडातून नुसता घरघर आवाज येत होता, आणि डोळ्यांतून पाणी.

इतके दिवस ते भिंतीकडे तोंड वळवत ते भीतीने नव्हे, शरमेने, हे वच्छलाबाईंना तेव्हा कळलं.

प्रमिलाबाई पुढे झाल्या. त्यांनी तो घसरणारा हात खालून धरला आणि वर उचलून दिला. तळवे जुळले.

"भैय्याजी," त्या म्हणाल्या, "माफ केलं असं मी नाई म्हणत. खोटं होईल ते. पण माफ करून राह्यली मी. रोज थोडं थोडं. तुमी बी हात सैल सोडत जा, आखडून धरू नका."

धनंजय कधी बाहेर गेला ते कोणाला कळलं नाही. बाकीचेही पांगले. भूपेंद्र मात्र खाली पडलेल्या उशा उचलून बापाच्या पाठीशी लावत बराच वेळ वाकून राहिला.

एवढं झाल्यावर सगळं गोड झालं असेल असं वाटेल, पण दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वच्छलाबाईंना लगेच वाटलं, पाहा, भैय्याजीले रडवलं, तिचं काम झालं. मग स्वतःच्याच विचाराची शरम वाटून त्या गुडघे सांभाळत शाळेमागच्या गल्लीत गेल्या.

प्रमिलाबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"रोज उभ्या राहत होत्या तुमी? दाराच्या मागं?"

"हो."

"मी शांतवनशी बोलत होती, ते बी ऐकलं?"

"ऐकलं."

"माहं अन् देवाचं बोलणं होतं ते वच्छलाबाई. आपल्या लेकीले बी नाई ऐकवलं कधी. तुमी साऱ्या गावासमोर सांगून टाकलं."

बचाव केला होता म्हणून आभार मानतील अशी जी काही आशा वच्छलाबाई घेऊन आल्या होत्या, ती जागच्या जागी विरली. आपण बाईची अब्रू वाचवली, पण तिच्या देवघरात चपला घालून जाऊन. "चुकलं माहं," असं त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसत, त्यामुळे ते जरा रागातच निघाले.

प्रमिलाबाईंनी सुपातल्या पाकळ्या हलवल्या. मग सूपच पुढे सरकवलं. "सोला मंग. एकटीनं होत नाई."

दोघींनी मिळून लसूण सोलला. दुसऱ्या सकाळी प्रमिलाबाई आल्या. वच्छलाबाई पोत्यामागे न जाता खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या, आणि प्रमिलाबाईंनी त्यांना कामालाच लावलं. खांदा कुठे धरायचा, कोपर कसं सरळ करायचं, पाठीखाली हात घालून कूस कशी वळवायची. प्रमिलाबाईंचे ओठ आता हलत नसत. ते बोलणं बहुतेक घरी होत असावं. वच्छलाबाईंनी विचारलं नाही.

दिवाळीनंतर भैय्याजी काठी धरून ओसरीपर्यंत येऊ लागले. वाचा परतली नाही, एखाददुसरा तुटका शब्द तेवढा. भूपेंद्र प्रमिलाबाईंची येता-जाता विचारपूस करी. धनंजयने पाऊल टाकलं नाही. कमला म्हणत राहिली की वच्छलाबाई फितल्या, आणि कधी कधी पहाटे डोळा उघडला की खुद्द वच्छलाबाईंनाही वाटून जाई, या बाईच्या मनात खरंच दुसरं काही नसेल ना? स्वभाव काही तेलाने मोकळा होत नाही.

डिसेंबरात एका सकाळी व्यायाम लवकर आटोपून प्रमिलाबाई म्हणाल्या, "आज घाई हाय. वर्ध्याले जाते. नाताळाच्या पहिले कबर साफ करा लागते, चुना माराचा हाय."

वर्ध्याची बस आली तेव्हा वच्छलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून थांब्यावर उभ्या होत्या. प्रमिलाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खिडकीकडची जागा दिली. वाटेत दोघी तुरीच्या शेंगा यंदा कशा भरल्या यावर बोलल्या.

कब्रस्तानाच्या फाटकाशी वच्छलाबाई थबकल्या. आत जावं की नाही, आत काय करतात, बूट-चपला काढायच्या का, काहीच माहीत नव्हतं. प्रमिलाबाई पुढे जाऊन एका साध्या कबरीजवळ बसल्या आणि गवत उपटायला लागल्या. मग मान न वळवता मोठ्याने म्हणाल्या, "शांतवन, भैय्याजीच्या घरच्या आल्या हाय."

वच्छलाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि आत गेल्या. गुडघ्यामुळे खाली बसता येईना, म्हणून उभ्यानेच चुन्याची बादली धरली. प्रमिलाबाई कुंचला बुडवत राहिल्या. चारही बाजू पांढऱ्या झाल्यावर त्यांनी झेंडूची फुलं ठेवली, डोळे मिटून बसल्या. वच्छलाबाईंनी हात जोडले. मनात काय म्हणायचं ते सुचलं नाही, तेव्हा नुसतेच जोडून ठेवले.

परतताना बस चुकली. पुढच्या बसला उभं राहून यावं लागलं. पवनारच्या थांब्यावर दोघी उतरल्या तर समोर कमला.

"कुठं गेलत्या वं दोघी?" तिने विचारलं. तिची नजर वच्छलाबाईंच्या लुगड्यावर उडालेल्या चुन्यावर होती.

"वर्ध्याले गेलतो," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि भैय्याजींच्या जेवणाची वेळ झाली होती म्हणून घराकडे वळल्या.